व्यस्तविधी : गणितातील परतीची वाट

रात्रीची वेळ आहे. घरातील लहान मूल तापाने फणफणले आहे. जुन्या तापमापकातील पारा १०४ या आकड्यावर जाऊन उभा आहे. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर मात्र असे लिहिले आहे की, ताप ३९ अंशांवर गेला तर मुलाला विनाविलंब घेऊन यावे. तापमापक फॅरनहाइटचा, कागद सेल्सिअसचा. घरातील नववीत शिकणारी मोठी बहीण पाटीपेन्सिल घेऊन बसते. शाळेत शिकवलेला नियम तिला चांगला आठवतो : सेल्सिअस अंशांना नऊने गुणावे, पाचाने भागावे आणि आलेल्या उत्तरात ३२ मिळवावे, म्हणजे फॅरनहाइट अंश येतात. तिला हवे आहे ते याच्या उलट. तेव्हा ती सरळ विचार करते. गुणाकाराच्या जागी भागाकार, भागाकाराच्या जागी गुणाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी. १०४ ला पाचाने गुणून नऊने भागले की ५७.८ येतात. त्यांतून ३२ वजा केले की उरतात २५.८.

२५.८ हा आकडा ३९ पेक्षा पुष्कळच कमी आहे. घरातील माणसांनी या उत्तरावर विश्वास ठेवला, तर मूल सकाळपर्यंत घरीच राहील. वास्तविक त्या मुलीने प्रत्येक क्रियेच्या जागी योग्य ती उलट क्रिया घेतली आहे. गुणाकारातही तिची चूक नाही, वजाबाकीतही नाही. तरीही उत्तर चुकले आहे. ते कोठे चुकले, हे समजून घेणे म्हणजेच बीजगणितातील एक महत्त्वाचा विषय समजून घेणे होय.

एका संख्येपासून दुसरी संख्या निश्चितपणे मिळवून देणाऱ्या नियमाला बीजगणितात 'फल' म्हणतात. त्यांतील सर्वांत साधे आणि व्यवहारात पदोपदी भेटणारे फल म्हणजे एकघाती फल. दिलेल्या संख्येला एका ठराविक संख्येने गुणावे आणि गुणाकारात दुसरी ठराविक संख्या मिळवावी, एवढेच त्याचे स्वरूप. दिलेली संख्या क्ष मानली आणि उत्तर य मानले, तर 'य बरोबर अ गुणिले क्ष अधिक ब' अशी त्याची मांडणी होते. सेल्सिअसवरून फॅरनहाइट काढताना अ म्हणजे नऊ पंचमांश आणि ब म्हणजे ३२. आता य हाती असून क्ष शोधायचा असेल, तर जो नियम लागतो त्याला मूळ फलाचे 'व्यस्त फल' म्हणतात. मूळ फल जेथून निघाले तेथे व्यस्त फल पुन्हा आणून सोडते.

परतीच्या वाटेचा पहिला नियम कोणत्याही वाटसरूला ठाऊक असतो. घरातून निघालेला माणूस आधी ओढा ओलांडतो आणि मग टेकडी चढतो. परत येताना त्याला आधी टेकडी उतरावी लागते, ओढा त्यानंतर येतो. नुसती उलट क्रिया करून भागत नाही, क्रमही उलटा करावा लागतो. सेल्सिअसवरून फॅरनहाइटकडे जाताना गुणाकार-भागाकार आधी झाले आणि ३२ शेवटी मिळवले. म्हणून परतताना ३२ सर्वांत आधी वजा केले पाहिजेत. १०४ मधून ३२ गेले, राहिले ७२. ७२ ला नऊने भागले, ८ आले. ८ ला पाचाने गुणले, ४० आले. मुलाचा ताप ४० अंश सेल्सिअस आहे. कागदावरील मर्यादेच्या तो एक अंश वर आहे आणि सकाळपर्यंत थांबणे योग्य नाही. त्या मुलीची चूक एवढीच की, तिने क्रिया उलट्या केल्या, पण क्रम तोच ठेवला.

अक्षरांत मांडले तर हा नियम असा होतो : क्ष काढण्यासाठी य मधून ब वजा करावा आणि बाकीला अ ने भागावे. विद्यार्थी हे सूत्र पाठ करतात, परंतु ते पाठ करण्याचे वस्तुतः कारण नाही. कोणती क्रिया शेवटी केली होती, एवढे विचारावे आणि ती सर्वांत आधी उलटवावी, की सूत्र आपोआप उभे राहते.

भारतीय गणिताला ही पद्धत फार पूर्वीपासून परिचित आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीया'त आर्यभटाने ती सांगितली आहे. गुणकाचा भाजक होतो, भाजकाचा गुणक, मिळवलेली संख्या वजा होते आणि वजा केलेली मिळवली जाते, असा त्याचा आशय आहे. पुढे इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'लीलावती'त याच पद्धतीचा, म्हणजे व्यस्तविधीचा, अधिक विस्ताराने विचार केला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे भास्कराचार्यांनी आपले गाव म्हणून सांगितले आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात त्यांचा नातू चंगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारावा, ही घटना त्या काळी या विद्येला केवढा मान होता हे दाखवते.

'लीलावती'तील व्यस्तविधीचे उदाहरण मोठे रंजक आहे. एका संख्येची तिप्पट केली. तिच्यात तिचेच तीन चतुर्थांश मिळवले. सातांनी भागले. त्या भागाकाराचा एक तृतीयांश त्यातूनच वजा केला. उरलेल्याचा वर्ग केला, त्यातून ५२ वजा केले, वर्गमूळ काढले, ८ मिळवले आणि १० ने भागले. उत्तर २ आले, तर मूळ संख्या कोणती? यातील वर्ग आणि वर्गमूळ एकघाती फलाच्या बाहेरचे आहेत, परंतु परतीची रीत तीच. दोनाला दहाने गुणले की २०, आठ गेले की १२, त्याचा वर्ग १४४, ५२ मिळवले की १९६, वर्गमूळ १४. असे एकेक पाऊल मागे येत शेवटी मूळ संख्या २८ मिळते.

या उदाहरणात एक ठिकाण असे आहे की जेथे पुष्कळांचा पाय घसरतो. 'संख्येत तिचेच तीन चतुर्थांश मिळवले' ही क्रिया उलटवायची कशी? सहज सुचणारे उत्तर असे की, तीन चतुर्थांश वजा करावेत. ते चूक आहे. कारण मिळवताना तीन चतुर्थांश लहान संख्येचे घेतले होते, वजा करताना ते मोठ्या संख्येचे घेतले जातील. भास्कराचार्यांनी यासाठी स्वतंत्र नियमच दिला आहे : स्वतःचाच अंश मिळवला असेल, तर उलटताना छेदात अंश मिळवावा, अंश मात्र तसाच ठेवावा. तीन चतुर्थांशांतील छेद ४ मध्ये अंश ३ मिळवला की ७. म्हणजे तीन सप्तमांश वजा करावयाचे. ८४ मध्ये त्याचे तीन चतुर्थांश, म्हणजे ६३, मिळवले की १४७ होतात. १४७ मधून त्याचे तीन सप्तमांश, म्हणजे तेच ६३, काढले की पुन्हा ८४.

हा नियम केवळ पंडितांच्या उपयोगाचा आहे, असे कोणी समजू नये. एखादा दुकानदार ५०० रुपयांच्या वस्तूची किंमत पंचवीस टक्क्यांनी वाढवतो. ती ६२५ होते. गिऱ्हाईक कुरकुर करते, म्हणून तो पंचवीस टक्के कमी करतो आणि किंमत पूर्ववत झाली असे समजतो. प्रत्यक्षात ६२५ चे पंचवीस टक्के १५६ रुपये २५ पैसे होतात आणि किंमत ४६८ रुपये ७५ पैशांवर येते. प्रत्येक नगामागे ३१ रुपये २५ पैसे त्याच्या खिशातून जातात. वाढवला होता एक चतुर्थांश. भास्कराचार्यांच्या नियमाने छेदात एक मिळवला की एक पंचमांश, म्हणजे वीस टक्के. ६२५ मधून वीस टक्के, म्हणजे १२५ रुपये, कमी केले तरच पुन्हा ५०० येतात.

तापमापकाच्या इतिहासातही व्यस्ताचे एक सुंदर उदाहरण दडले आहे. स्वीडनमधील उप्साला येथील ज्योतिर्विद आंडर्स सेल्सिअस याने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली. तीत पाणी उकळते त्या बिंदूला त्याने शून्य म्हटले होते आणि पाणी गोठते त्या बिंदूला शंभर. आज प्रचलित असलेला क्रम त्याच्या नंतर रूढ झाला. जुन्या मोजपट्टीवरून नवीवर यायचे, तर शंभरातून जुना आकडा वजा करावा. नवीवरून जुनीकडे जायचे, तर काय करावे? तेच! शंभरातून नवा आकडा वजा करावा. ३७ चे ६३ होतात आणि ६३ चे पुन्हा ३७. काही फले स्वतःच स्वतःचे व्यस्त असतात, जाण्याची आणि येण्याची वाट एकच असते.

ध्वनिक्षेपकासमोर फळा नसतो. पण आडवा आणि उभा असे दोन अक्ष काढलेला कागद डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. दोन्ही अक्षांच्या बरोबर मधून, आरंभबिंदूतून, एक तिरपी रेषा काढली, तर तिच्यावर क्ष आणि य सारखे असतात. ती रेषा म्हणजे आरसा समजावा. मूळ फलाच्या रेषेचे त्या आरशात जे प्रतिबिंब पडते, तेच व्यस्त फल. सेल्सिअस-फॅरनहाइटच्या या दोन रेषा आरशावर एकाच बिंदूत भेटतात. तो बिंदू उणे चाळीस. तेथे दोन्ही तापमापक एकच आकडा दाखवतात, आणि गणित न करताही थंडीचे मान कळते.

मग प्रत्येक एकघाती नियमाला परतीची वाट असते काय? अ शून्य नसेल, तर असते. शून्य असेल, तर नसते. एखाद्या बसमध्ये अंतर कितीही असले तरी सर्वांना एकच भाडे असेल, तर तिकिटाच्या किमतीवरून उतारू कोठपर्यंत गेला हे कोणालाही सांगता येणार नाही. अनेक ठिकाणे एकाच आकड्यात मिसळून गेली, की त्यांना पुन्हा वेगळे करता येत नाही. शून्याने भागू नये, असे शिक्षक सांगतात. त्या निर्बंधाचा व्यवहारातील अर्थ हाच.

शून्याचा प्रश्न नसतानाही वाट बुजू शकते, हे या देशाने १९५७ साली अनुभवले आहे. त्या वर्षी १ एप्रिलपासून दशमान नाणी प्रचारात आली. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नये पैसे झाले. नियम एकघातीच होता : आण्यांना सव्वासहाने गुणावे की नये पैसे. व्यस्तही तितकेच सोपे. पण सव्वासहा पैशांचे नाणे नव्हते, म्हणून पूर्णांक धरावे लागले. एका आण्याचे सहा नये पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. परिणाम असा की, चार आण्यांची वस्तू एकदम घेतली तर पंचवीस नये पैसे, आणि एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर चोवीसच. किरकोळ व्यवहारात एकेका पैशाला किंमत होती. तेथे हा फरक कोणाच्या तरी पदरी नफा म्हणून आणि कोणाच्या तरी पदरी तोटा म्हणून पडणारच. अपूर्णांक टाकून दिला, की परतताना तो सापडत नाही.

याउलट कधी कधी टाकलेला अपूर्णांक नसतो, तर नसलेला आणलेला असतो. जर्मन वैद्य वुंडरलिख याने १८६८ मध्ये निरोगी शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस असे सांगितले. हा ढोबळ पूर्णांक होता. फॅरनहाइटमध्ये नेल्यावर त्याचे ९८.६ झाले आणि दशांश चिन्हापुढील त्या सहामुळे तो आकडा फार सूक्ष्म मोजणीतून आल्यासारखा वाटू लागला. १९९२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही सरासरी ९८.२ च्या आसपास आढळली. फल संख्येला इकडून तिकडे नेते. तिचा ढोबळपणा मात्र ते सांगत नाही, तो वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावयाचा असतो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. केलेले गणित बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी ताळा पाहण्याची जुनी रीत आहे. व्यस्त काढले, की मूळ नियमाने पुन्हा पुढे जाऊन पाहावे. ४० ला नऊने गुणून पाचाने भागले की ७२, त्यांत ३२ मिळवले की १०४. ताळा जमला. पण ताळा जमणे म्हणजे नेमके काय सिद्ध होणे?

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात मॉन्ट्रिअलहून एडमंटनकडे एक प्रवासी विमान निघाले. त्यात ६९ माणसे होती. विमानातील इंधनमापके चालत नव्हती, म्हणून टाकीतील इंधन हाताने मोजण्यात आले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला एकूण २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. आणखी किती लिटर भरावे? हाही एकघाती फलाच्या व्यस्ताचाच प्रश्न : हव्या असलेल्या वजनातून टाकीतील वजन वजा करावे आणि बाकीला एका लिटरच्या वजनाने भागावे. क्रम बरोबर होता, क्रियाही बरोबर होत्या. परंतु एका लिटरचे वजन म्हणून १.७७ हा आकडा घेतला गेला. तो पौंडांचा होता. किलोग्रॅममध्ये तो सुमारे ०.८ यावयास हवा होता. त्या देशात तेव्हा जुनी मापे जाऊन दशमान मापे येत होती आणि हे विमान दशमान मापांचे होते. १.७७ ने गुणून टाकीत १३,५९७ किलोग्रॅम इंधन आहे असे ठरले, आणि बाकी वजनाला १.७७ नेच भागून सुमारे ४,९०० लिटर इंधन भरण्यात आले. खरी गरज २०,००० लिटरांची होती.

वाटेत ओटावा येथे इंधन पुन्हा मोजून पाहिले गेले. तेथेही तोच १.७७ वापरला गेला, आणि हिशेब पुन्हा जुळला. जाताना ज्या चुकीच्या आकड्याने गुणले त्यानेच येताना भागले, तर चूक स्वतःला झाकून टाकते. पुढे आकाशात सुमारे ४१,००० फुटांवर इंधन संपले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते प्रचंड विमान तरंगत खाली आणून मॅनिटोबा प्रांतातील गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरवले. कोणाचाही प्राण गेला नाही, हे त्यांच्या कौशल्याचे फळ होते. गणिताचा त्यात वाटा नव्हता.

म्हणून ताळा दोन प्रकारचा असतो, असे म्हणणे योग्य होईल. पहिला ताळा परतीच्या वाटेचा. तो एवढेच सांगतो की, ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत आलो. ती वाट बरोबर होती की नाही, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी दुसरा ताळा लागतो, तो बाहेरच्या जगाचा. विमानाचे इंधन पाण्यावर तरंगते. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलोग्रॅम असते. मग पाण्यावर तरंगणाऱ्या द्रवाच्या एका लिटरचे वजन पावणेदोन किलोग्रॅमच्याही वर कसे जाईल? हा एक प्रश्न कोणी विचारला असता, तर ते विमान पूर्ण इंधन घेऊन निघाले असते.

मुलाच्या उशाशी बसलेल्या त्या बहिणीलाही हा दुसरा ताळा उपलब्ध आहे. पाणी गोठते ते शून्य सेल्सिअसला, म्हणजे ३२ फॅरनहाइटला. ३२ मधून ३२ गेले की शून्य, नियम जुळतो. पाणी उकळते ते १०० सेल्सिअसला, म्हणजे २१२ फॅरनहाइटला. २१२ मधून ३२ गेले, १८० राहिले, नऊने भागून पाचाने गुणले की १००. पुन्हा जुळतो. आणि तिच्या पहिल्या उत्तराला तर गणिताचीही गरज नाही. २५.८ अंश म्हणजे सुखद हवेचे तापमान. तिने मुलाच्या कपाळावर हात ठेवला, तरी ते कपाळ तसे नाही हे तिला कळेल. हाताला चटका बसतो आहे आणि पाटीवर गारवा लिहिला आहे, तेव्हा चूक पाटीवरच असणार.

पाटी पुसली जाते. आधी ३२ वजा होतात, मग नऊने भाग जातो, मग पाचाने गुणाकार होतो. ४० हा आकडा पाहून घरातील मोठी माणसे उठतात, मुलाला शालीत गुंडाळतात आणि दवाखान्याच्या वाटेला लागतात.